फिनलंडचा शोकाकुल

"जगात आजवर जेवढी साम्राज्यं कोसळली, ती तोफांनी कोसळली नाहीत, दुष्काळांनीही कोसळली नाहीत. ती कोसळली बारीक अक्षरांनी!"

बाडूमामांनी असं जाहीर केलं आणि म्हणण्याला वजन यावं म्हणून फुफूच्या, म्हणजे कुटलेल्या कंदाच्या, गोळ्यात तर्जनी रोवली. खाणावळीतल्या शेजारच्या बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. समोर बसलेल्या ओडुरोला जरा आशा वाटली.

"म्हणजे मामा, तुम्ही वाचलंत ते? मी सगळं प्रकरण लिहून मोबाइलवर पाठवलेलं?"

"नाही रे. फार बारीक अक्षर होतं," मामा म्हणाले आणि रश्श्यात मटणाचा तुकडा शोधू लागले.

आमच्या घानातल्या अशांती लोकांत बाप माणसाला आडनाव देतो आणि शाळेत घालतो; घराणं मात्र मिळतं आईकडून, आणि मामाचा वारसा जातो भाच्याला. म्हणून संकट आलं की माणूस मामाकडे जातो. मामाकडे उपाय असतोच असं नाही. पण मामाला सांगितलं की ते संकट आपल्या एकट्याचं राहत नाही, साऱ्या घराण्याचं होतं, आणि मग घराण्यातला जो तो येऊन त्यात भर घालतो.

ओडुरोचं संकट त्याच्या धंद्यातून आलं होतं. त्याने मयताच्या पोस्टरांचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम बनवला होता. हा काय धंदा आहे, असं कुमासीत कोणी विचारणार नाही. कुमासीत ज्या भिंतीवर मयताचं पोस्टर नाही ती भिंत कालच बांधलेली असते, सिमेंट ओलं असतं. पोस्टरवर वर मृताचा फोटो, खाली शोकाकुलांची नावं. फोटोचं काही अवघड नाही. जो गेला तो तक्रार करत नाही. खरं मरण असतं ते नावांत. मुख्य शोकाकुल कोण, त्याच्या खालोखाल कोण, भाचे आधी की नातवंडं आधी, विधवा कुठे, जावई किती खाली. परदेशात कोणी असेल तर त्याच्या नावापुढे कंसात देश हवाच: (कॅनडा), (इटली), (लंडन). माणूस शांतपणे झोपेत जातो, आणि त्याच्या पोस्टरवरून सख्ख्या बहिणी पुढची दहा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत.

ओडुरोचा प्रोग्रॅम घरच्यांना साधे प्रश्न विचारायचा. कोण कोणाहून मोठं, कोणाची आई कोण. त्यावरून नावं लावायचा. कुटुंबप्रमुखाने मोबाइलवर अंगठा दाबला की यादीला कुलूप. त्यानंतर खुद्द गावचा राजा आला तरी कोणाचं नाव एक ओळ वर सरकत नसे. छापखानेवाल्यांना हा प्रोग्रॅम फार आवडला, कारण जी भांडणं त्यांच्या गल्ल्यासमोर व्हायची ती आता ज्याच्या त्याच्या घरी होऊ लागली.

आता अडुम बाजारातल्या मॅडम बोनसूंना हा प्रोग्रॅम हवा होता. त्यांचे छापखाने ओबुआसीपासून तेचिमानपर्यंत पसरलेले. त्यांना तो सगळ्या दुकानांत हवा होता. सगळं ठरलं, हस्तांदोलन झालं, मिरिंडाच्या बाटल्या फुटल्या, आणि तेवढ्यात मॅडमचा अक्राचा जावई म्हणाला, "एक वकिलाचं पत्र आणा फक्त. या प्रोग्रॅममधलं सगळं विकायचा हक्क तुम्हाला आहे, एवढं लिहिलेलं. शुक्रवारपर्यंत. नसेल तर आमच्याकडे अक्राची एक कंपनी तयारच आहे."

ओडुरो हसला. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच वाळून गेलं. कारण त्या प्रोग्रॅममधलं सगळं त्याचं नव्हतंच.

"म्हणजे?" अफ्रियीने विचारलं. अफ्रियी त्याची भागीदार. या प्रोग्रॅमच्या भरवशावर तिने बँकेतली नोकरी सोडली होती आणि ही गोष्ट ती कधी विसरू देत नसे. "मी बँकेत असताना अशा प्रश्नांची उत्तरं मला साडेचारला सुटण्याआधी मिळायची."

"पानावर मजकूर बसवायचं काम आहे ना, कोणतं नाव कोणत्या रांगेत मावतं वगैरे, तो कोडचा तुकडा माझा नाही. तो एका फिनलंडच्या माणसाचा आहे. यार्मो लेहतिनेन. ओपन सोर्स आहे, इंटरनेटवर ठेवलेला. कोणीही घ्यावा."

"मग कोणीही घ्यावा, तर तू घेतलास. झालं की!"

"मी त्याचं नाव काढून टाकलंय."

हे नाव काढण्यामागे एक इतिहास होता. त्या कोडची एक सवय होती. पानाच्या तळाशी तो आपल्या जन्मदात्याचं नाव छापायचा: 'मांडणी: यार्मो लेहतिनेन (फिनलंड)'. पहिलं पोस्टर निघालं ते बंटामाच्या एका निवृत्त हेडमास्तरांचं. 'मांडणी' हा शब्द पानाच्या घडीत गेला. उरलं ते शोकाकुलांच्या यादीखाली ठसठशीत नाव आणि पुढे कंसात देश.

सकाळी कुटुंबप्रमुखाचा फोन आला.

"हा लेहतिनेन कोणाचा?"

"तो मांडणी करणारा आहे, ओपानिन," ओडुरो वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं अदबीने म्हणाला.

"या घरात मांडणी मी करतो. हा कोणाचा ते सांग."

तोवर पोस्टर शहरभर लागलं होतं. मास्तर तरुणपणी दोन वर्षं जहाजावर स्वयंपाकी होते हे अचानक सगळ्यांना आठवलं. विधवाबाईंनी जेवण सोडलं. अर्धं घराणं म्हणत होतं, ही बदनामी आहे. उरलेलं अर्धं विचारत होतं की, बरं, असेल पोरगा, पण मयतासाठी त्याने काही पाठवलंय का? मास्तरांच्या धाकट्या बहिणीने तर त्याच्यासाठी सुतकाचं लाल-काळं कापड आणून ठेवलं. थंड देशातला आहे म्हणून जाडं.

तेव्हा ओडुरोने घाबरून ती फाइल उघडली आणि वरच्या चार ओळी, म्हणजे नाव आणि वापराच्या अटींचं लायसन्स, उडवल्या. त्यांच्याखाली एक परिच्छेद होता, सगळा कॅपिटल अक्षरांत, कोणीतरी गच्चीवरून ओरडत असल्यासारखा. तोही उडवला. शहर शांत झालं. ओडुरोही ते विसरला.

आणि आता जावयाला पत्र हवं होतं.

मामांच्या आधी ओडुरोने कोड लिहिणाऱ्या दोस्तांच्या ग्रुपवर विचारलं होतं. उत्तरं भराभर आली. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच: 'मी वकील नाही, पण...' एक म्हणाला, काही होत नाही, बिनधास्त विक. दुसरा म्हणाला, तुझा सगळा प्रोग्रॅम जगाला फुकट वाटावा लागेल, घराघराच्या भानगडींसकट. तिसऱ्याने विचारलं, तोच प्रोग्रॅम लग्नपत्रिकांना चालेल का? चौथ्याला वाटत होतं की फिनलंडमध्ये यासाठी तुरुंग आहे, पण तुरुंग चांगला आहे, खोलीत टीव्ही असतो. इतक्या जणांनी छातीठोकपणे आपण वकील नसल्याचं सांगितलं, की शेवटी ओडुरोला वाटलं, एखाद्या वकिलालाच विचारावं.

"तुफुओर वकिलांकडे जाऊ," मटणाचा तुकडा सापडल्यावर बाडूमामा म्हणाले. "आपल्या घराण्याचे सगळे खटले तेच हरलेत. माणूस ओळखीचा आहे."

तुफुओर वकील जमिनीचे आणि गादीच्या वारसाचे खटले चालवत. कुमासीत तिसऱ्या प्रकारचा खटला असतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. ओडुरोचं सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"या फिनलंडवाल्याने तुला आपली वस्तू दिली. मोबदला न घेता. बरोबर?"

"मला म्हणजे, सगळ्यांनाच दिली."

"म्हणजे दान. आता सांग, दान घेतल्यावर तू असेदा दिलास का?"

ओडुरोला असेदा काय ते सांगायची गरज नव्हती. आमच्यात कोणी जमिनीचा तुकडा बक्षीस दिला, तर घेणाऱ्याने चार माणसांसमोर आभाराची बाटली द्यायची. आभार झाले नाहीत तर दान पुरं झालं नाही, आणि पुरं न झालेलं दान देणारा कधीही परत मागू शकतो. यावर आमच्या कोर्टांनी जाडजूड निकाल दिलेले आहेत.

"नाही दिला," ओडुरो पुटपुटला.

"साक्षीदार?"

"मी एकटाच होतो. लॅपटॉपवर."

"आणि वर त्याच्या हद्दीचा दगड उपटलास." तुफुओर वकिलांनी डोळे उघडले. "मुला, हा माणूस उद्या आपली जमीन परत मागू शकतो. तो नाही तर त्याचे भाचे मागतील. भाचे फार वाईट असतात."

हे म्हणताना त्यांनी मामांकडे पाहिलं आणि मामांनी भाच्याकडे.

"पण वकीलसाहेब, ही जमीन नाहीये. लायसन्स आहे. तुम्ही ते एकदा वाचून..."

"वाचायचं काय त्यात? बाटली पाठव आधी. श्नॅप्स दारूची. सीलबंद."

आता फिनलंडला बाटली कशी पाठवायची? बाडूमामांनी यावर रात्रभर विचार केला, असं ते सकाळी म्हणाले. देणारा दूर असेल तर त्याच्या माणसांपैकी जवळचा कोणी शोधायचा आणि त्याच्या हाती ठेवायची, अशी रीत आहे. पाणीपुरवठ्याच्या कामावर एक गोरा इंजिनिअर होता, हेन्रिक नावाचा. त्या बाजूचा तेवढाच एक.

बुधवारी दुपारी मामा, ओडुरो आणि बाटली असे तिघं त्याच्या बंगल्यावर गेले. मामांनी खांद्यावरून कापड घेतलं होतं. ओडुरोला तोंड उघडायची मनाई होती, कारण अपराध्याने स्वतः बोलायचं नसतं. त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं असतं. मामा घशाला कोरड पडेपर्यंत बोलले. दान, उपटलेला दगड, तरुणांचं अज्ञान, सगळं आलं.

"पण मी डेन्मार्कचा आहे," हेन्रिक म्हणाला.

"शेजारीच ना?"

"शेजारी म्हणजे... मधे समुद्र आहे. आणि एक अख्खा देश आहे."

"समुद्राला आमची हरकत नाही," मामा उदारपणे म्हणाले.

हेन्रिक चार वर्षांत कुमासीत एवढं शिकला होता की कापड पांघरलेला म्हातारा बाटली पुढे करतो तेव्हा वाद घालायचा नसतो. त्याने बाटली घेतली. नीट उजव्या हाताने घेतली. मामांचे डोळे पाणावले.

"स्वीकारली! साक्षीदार मी!"

"एक विचारू?" हेन्रिक ओडुरोला म्हणाला. "ते लायसन्स कुठलं आहे? त्यात लिहिलंय काय?"

ओडुरोने मामांकडे पाहिलं. मामांनी कापड सारखं केलं. तीन दिवस सगळं शहर ज्या कागदाबद्दल बोलत होतं तो कागद कोणी वाचलाच नव्हता. ग्रुपने नाही, तुफुओर वकिलांनी नाही आणि, खरं सांगायचं तर, ओडुरोनेही नाही. त्याने तो फक्त पुसला होता.

"आम्ही मीटरचा प्रोग्रॅम घेतला तेव्हा हीच भानगड झाली होती," हेन्रिक म्हणाला. "असाफो भागात एक वकीलबाई आहेत, सेर्वा अंपोफो. त्यांच्याकडे जा. आणि ही बाटली..."

"ती राहू दे," मामा घाईने म्हणाले. "असेदा परत घेतला की सगळं पुन्हा पहिल्यापासून."

सेर्वा अंपोफोंचं ऑफिस एका टायरच्या दुकानावर होतं. खालून हवा भरायच्या यंत्राचा आवाज अखंड यायचा, त्यामुळे त्यांच्याकडे येणारी माणसं लांबलचक भाषणं करत नसत. मामांनी सुरुवात केली, "जगात आजवर जेवढी साम्राज्यं..." आणि खाली कोणीतरी ट्रकचं चाक भरायला घेतलं.

"कागद आणलाय?" बाईंनी ओडुरोला विचारलं.

ओडुरोने इंटरनेटवरून तो सगळा मजकूर पुन्हा काढून छापून आणला होता. बाईंनी चष्मा चढवला आणि वाचू लागल्या. पुरता वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. आठवडाभरात पहिल्यांदाच ओडुरोला वाटलं की काहीतरी घडतंय.

मग प्रश्न आले. हा तुकडा तू जसाच्या तसा वापरलास की बदललास? प्रोग्रॅम दुकानाच्या कॉम्प्युटरवर जातो की तुझ्याकडेच राहतो? किती दुकानांत गेलाय? अजून कोणाकोणाचे तुकडे आहेत आत?

"अजून म्हणजे... दोन-चार असतील."

"दोन-चार की किती?"

"अफ्रियीला विचारतो."

अफ्रियीने फोनवरच नावं सांगितली आणि वर म्हणाली, "वकीलबाई, मी बँकेत होते. आम्ही दुसऱ्याचं काही घेतलं की लिहून ठेवायचो. हा ठेवत नाही, म्हणून मी ठेवते."

बाईंनी सगळं उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "हे साधंच दिसतंय. पण बाकीच्यांची लायसन्सं मी अजून वाचलेली नाहीत. आणि दुकानांना आधीच दिलेल्या प्रतींचं काय, ते मला आत्ता सांगता येणार नाही. अक्रात माझी एक मैत्रीण हेच काम करते, तिला विचारते. शुक्रवारी सकाळी या."

जिना उतरताना मामा नाराज होते. "हिला तर काहीच माहीत नाही. तुफुओर वकिलांनी बसल्याबसल्या सांगितलं होतं."

पण ओडुरोला हलकं वाटत होतं. त्या आठवड्यात त्याला भेटलेलं ते पहिलंच माणूस, ज्याला काहीतरी माहीत नव्हतं. निघताना बाईंनी त्याला एक काम दिलं होतं: त्या लेहतिनेनला मेल लिही. काय घडलं ते खरं खरं सांग, नाव परत घालतोय म्हणून कळव, आणि आभार मान.

शुक्रवारी अफ्रियीही आली. चौघं बसले. खाली टायरवाला अजून उघडायचा होता, त्यामुळे आज बाईंना आवाज चढवावा लागणार नव्हता.

"बसा नीट, कोणी मेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "या तुकड्यांची लायसन्सं दोन जातींची असतात. एका जातीचं म्हणणं असं, की माझ्या हंडीतलं घेऊन तू रांधलंस, तर तूही आपलं स्वयंपाकघर सगळ्यांना उघडं ठेव. तुमच्यात तसलं एकही नाही. मी सगळी वाचली."

"आणि लेहतिनेनचं?"

"त्याचं दुसऱ्या जातीचं. तो म्हणतो, घ्या, बदला, विका, तुमचं तुम्ही झाकून ठेवा. अट एकच. माझं नाव आणि हा कागद प्रत्येक प्रतीत राहू द्या."

"आणि तो कॅपिटलमधला परिच्छेद? ओरडतोय तो?"

"तो ओरडत नाहीये, घाबरलाय. म्हणतोय, काही बिघडलं तर मला धरू नका."

ओडुरोने खुर्चीची पाठ टेकली. आठवडाभरात प्रथमच.

"पण तुम्ही अट मोडलीत, हे खरं आहे," बाई पुढे म्हणाल्या. "ते पत्रात लपवणार नाही मी. नाव आणि कागद परत घाला. पोस्टरवर नको! प्रोग्रॅममध्ये 'माहिती' म्हणून जे पान असतं त्यावर. पोस्टर म्हणजे प्रोग्रॅमची प्रत नव्हे, तिथे त्याचं नाव असायची गरज नाही. ज्या दुकानांकडे जुन्या प्रती आहेत त्यांना आजच दुरुस्त प्रत पाठवा. माझ्या मैत्रिणीचंही हेच मत. एवढं केलंत तर विकायला आडकाठी नाही."

"दुरुस्त प्रत काल संध्याकाळीच गेली," अफ्रियी म्हणाली. "मी याच्या शेजारी उभी राहिले होते."

"म्हणजे तुफुओर वकील चुकले!" ओडुरोला आता जोर आला.

"अगदीच नाही," बाई म्हणाल्या. "दान आहे आणि आभार मागतंय, हे त्यांना बरोबर कळलं. फक्त ते आभार कसे मानायचे हे त्या कागदातच लिहिलं होतं. बाटलीचा उल्लेख नाहीये त्यात."

मामांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. त्यांना त्या वाक्याचा पहिला अर्धाच ऐकू आला होता.

तेवढ्यात ओडुरोचा मोबाइल वाजला. फिनलंडहून मेल आला होता. त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. लेहतिनेनने लिहिलं होतं की नाव परत घातलंत, माझ्या बाजूने विषय संपला. इतक्या वर्षांत तक्रार नसताना मेल लिहिणारे तुम्ही पहिलेच. तुमचा धंदा उत्तम चालो. आणि शेवटी: हेडमास्तरांच्या कुटुंबाला माझ्या वतीने सांत्वन कळवावे. माझ्या नावामुळे त्यांना त्रास झाला याचं मला फार वाईट वाटतंय.

"बघा!" मामा उठून उभे राहिले. "शोकाकुल आहेच तो! पोस्टर बरोबर होतं!"

अफ्रियी हसत सुटली. तिला हसताना पाहून ओडुरोही सुटला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपले डोळे ओले झालेत. त्याने ते मोबाइलच्या नावावर खपवले, स्क्रीनकडे फार बघितलं की होतं म्हणून. बाईंनी पत्रावर सही केली, शिक्का मारला, आणि तो वाळेपर्यंत फुंकर घातली. दुपारी मॅडम बोनसूंचा जावई ते पत्र उभ्याउभ्या वाचणार होता, 'बरंय' म्हणणार होता आणि करार पुढे सरकवणार होता.

"वकीलबाई, तुमचे उपकार..." तो म्हणाला.

"उपकार कसले, फी घेतलीये मी." बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून दार लोटून घेतलं. "एक विचारायचं होतं. माझ्या मोठ्या मामांचं मयत आहे पुढच्या शनिवारी. पोस्टर बंटामाच्या दुकानातून निघतंय. तुमच्याच प्रोग्रॅमवर."

ओडुरोचा चेहरा पडला. "वकीलबाई, तुमच्या कुटुंबप्रमुखांनी अंगठा दाबला असेल तर नाव वर नेता येत नाही. कोणालाच. तसा नियमच..."

"नाव वर न्या म्हणत नाहीये मी. मला कायदा कळतो." बाईंनी आवाज खाली आणला. "माझ्या वर माझी मावसबहीण आहे. वयाने मोठी आहे, असू दे वर. पण तिच्या नावापुढे कंसात ते (कॅनडा) आहे ना... तेवढं जरा बारीक अक्षरात होईल का?"